काटा हलेना

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. बाकी देवानं हात आखडता घेतलेला नाही. कृष्णा आहे, कोयना आहे, वारणा आहे, मनात आलं तर येरळाही आहे. महाबळेश्वरचा पाऊस आहे आणि त्या पावसाकडं पाठ करून बसलेले माण आणि जत आहेत, जिथल्या दोन-तीन पिढ्यांनी पाणी नदीपेक्षा टँकरमध्येच जास्त पाहिलं. राहता राहिला समुद्र. तो कोल्हापूर ओलांडून घाट उतरलं की मिळतो. दिवाळीनंतर मालवणच्या धक्क्याजवळ उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात. एमएच ११ साताऱ्याची, एमएच १० सांगलीची आणि एमएच ५० कराडची. ही शेवटची जरा जास्तच लख्ख पुसलेली असते, कारण आपण साताऱ्यापासून वेगळे आहोत हे कराडकराला सांगायला आवडतं.

ही मंडळी पूर्वी सिंधुदुर्ग किल्ला बघून, दोन थाळ्या मासे खाऊन परत जायची. आता किल्ला वरून बघून झाला म्हणून त्याच्या भोवतालचा समुद्र आतून बघायला येतात. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात नळी आणि मानगूट एका मालवणी पोराच्या हातात. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. हे रीतसर शिकवणारी पर्यटन महामंडळाची संस्था तारकर्लीला आहे. पण आमची माणसं शिकायला आलेली नसतात. ती 'एकदा करून टाकायला' आलेली असतात.

होडीत बसल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "किती खोल?"

"वीस-पंचवीस फूट."

हे ऐकून सांगलीकराचा चेहरा पडतो. सांगलीला आयर्विन पूल आहे आणि त्या पुलावर कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५, २०१९ आणि २०२१ साली नदीनं हा धोका कुठल्या कुठं मागं टाकला. त्यामुळं सांगलीकर पाण्याची किंमत चाळिसाच्या पुढंच करतो. "पंचवीस फूट?" तो म्हणतो. "पंचवीस फुटाला आमच्यात कोण पूल बघायलाबी जात न्हाई."

पोहण्याचं तर विचारूच नका. आमच्या भागात पोहणं शिकवायची एक सिद्ध पद्धत होती. पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, झाकण घट्ट आहे का ते काकांनी बघायचं आणि पोराला विहिरीत ढकलून द्यायचं. म्हणजे पाठीवर हवा बांधून पाण्यात उतरायची विद्या आम्हाला फ्रेंचांनी शिकवायची गरज नव्हती. जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या जोडगोळीनं १९४३ साली आपला पाणबुड्या संच तयार केला. त्याच्या कितीतरी आधीपासून कृष्णाकाठची पोरं पाठीवर डबा बांधून विहिरीत पडत होती. फरक एवढाच, की आमचा डबा बुडू नये म्हणून होता आणि यांचं नळकांडं नीट बुडता यावं म्हणून आहे.

आता त्या नळकांड्याकडं येऊ. आमच्याकडं सगळे त्याला 'ऑक्सिजनची टाकी' म्हणतात. आत साधी हवा असते, गाळलेली, कोरडी, पण तीच. हे कळलं की निम्मी होडी नाराज होते. एवढे पैसे घेऊन साधीच हवा? मात्र ती कोंबलेली असते. मोटारीच्या चाकात सव्वादोन बारच्या आसपास दाब असतो. या अकरा-एक लिटरच्या सिलिंडरमध्ये तो २०० बार असतो, म्हणजे बाहेरची जवळजवळ बावीसशे लिटर हवा आत दाटीवाटीनं बसलेली असते. ती किती वेळ पुरेल हे माणसावर आणि खोलीवर अवलंबून. दहा मीटर खाली गेलं की एका श्वासाला दुप्पट हवा लागते. सांगलीकरानं नाक मुरडलेल्या त्या पंचवीस फुटांवरही पावणेदोनपट लागते. त्यात माणूस घाबरलेला असेल, किंवा साताऱ्याचा असेल आणि मासे बघून पाण्याखालीही 'आयला' म्हणायचा प्रयत्न करत असेल, तर विचारायलाच नको.

सिलिंडर संपत आलं हे श्वासावरून कळेल असं सगळ्यांना वाटतं. ते कळत नाही. सिलिंडरच्या तोंडावर जो रेग्युलेटर असतो तो आतला प्रचंड दाब उतरवून दहा-एक बारवर आणतो आणि तोंडातली नळी त्याहून उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी हवा देते. आत दोनशे असोत की साठ, तोंडाला हवा सारखीच येते. जड लागायला लागते ती अगदी शेवटी, जेव्हा सांगून फारसा उपयोग नसतो. हा रेग्युलेटर म्हणजे घरची परिस्थिती पोरांना शेवटपर्यंत कळू न देणारा बाप आहे. म्हणून दाब दाखवणारा काटा लागतो.

हा काटा आमच्या दोन जिल्ह्यांना नवखा नाही. युजीन बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली त्याचं पेटंट घेतलं. आत एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. बस, एवढंच. १९१० पासून किर्लोस्करवाडीत यंत्रं तयार होतात, तिथल्या पंपाच्या चाचणीला हा काटा, साखर कारखान्याच्या बॉयलरवर हा काटा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हा काटा. आमची माणसं याच्या सहवासात वाढली आहेत आणि म्हणूनच त्याच्यावर काडीचाही विश्वास ठेवत नाहीत.

तासगावच्या कुठल्याही द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर जाऊन बघा. ट्रॅक्टरच्या मागं औषध फवारायचा ब्लोअर असतो, त्यावर एचटीपी पंप आणि पंपावर एक गोल गेज. नवीन असताना त्यात काचेमागं ग्लिसरीन भरलेलं असतं, काटा थरथरू नये म्हणून. पहिल्या हंगामात काच तडकते, ग्लिसरीन गळतं आणि काटा एका जागी कायमचा मुक्काम ठोकतो. ते बदलावं असं कुणाला वाटत नाही. बागाईतदार नोझलपुढं अंगठा धरतो, पंपाचा आवाज ऐकतो, तुषार पानाच्या मागं पोचतोय का बघतो आणि म्हणतो, "बरोब्बर हाय." ठिबकच्या फिल्टरचंही तेच. अलीकडं एक गेज आणि पलीकडं एक, दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर तुंबला असं समजायचं. किती साधी, किती सुंदर योजना! प्रत्यक्षात निम्म्या ठिकाणी त्या दोन भोकांना बूच असतं आणि फिल्टर तुंबल्याची बातमी सुकलेला ऊस देतो.

आणि ऊस म्हटलं की वजनकाटा आला. त्याबद्दल जास्त बोलू नये. या पट्ट्यात काटा मारला जातो की नाही यावर निवडणुका लढवल्या गेल्या आहेत. गाडी कारखान्यावर जायच्या आधी जमलं तर बाहेरच्या काट्यावर वजन करून घ्यायचं, दोन आकडे खिशात ठेवायचे आणि कमी असेल त्याला शिवी द्यायची, हे इथलं पोर दहावीच्या आधी शिकतं. नदीच्या बाबतीतही तसंच. आयर्विन पुलाची पातळी हल्ली तासातासाला मोबाइलवर येते. तरी माणूस पुलावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि परत येताना विचारतो, सूर्यवंशी प्लॉटात पाणी आलं का? मारुती चौकात आलं का? सरकारी आकडा एक, स्वतःचा एक, आणि पाहुण्यांकडून फोनवर आलेला तिसरा. साताऱ्याकडं कोयनेचा आकडा असतो. १०५.२५ टीएमसीच्या धरणात आज किती भरलं हे न्हाव्याच्या दुकानात कळतं, पण तिथंही पाटणचा एखादा पाव्हणा लागतोच, "मी स्वतः बघून आलोय" म्हणणारा.

डायव्हिंग शिकवणारे जे पहिल्या दिवशी घसा फोडून सांगतात, ते आमच्या रक्तात आहे असा याचा अर्थ. त्यांचं सांगणं असं: एका काट्यावर विसंबू नका. संचात दाब नसताना तो शून्यावर येतो का बघा. सिलिंडर उघडताना गेजचं तोंड स्वतःकडं धरू नका, काच फुटली तर तोंडावर यायची. (सगळी होडी नेमकी त्याच वेळी गेजवर वाकून बघत असते.) मग काट्याकडं बघत बघत दोन-चार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली-वर नाचला तर समजा, सिलिंडरचा कॉक पुरता उघडलेला नाही. नळीतून बुडबुडे येत असतील तर गोंधळू नका. गेजकडं जाणारी नळी दाबाची असली तरी तिच्या मुळाशी छिद्र सुईएवढं असतं, त्यामुळं ती गळायला लागली की आवाज मोठा आणि नुकसान सावकाश. श्वासाची नळी फुटली तर मात्र सिलिंडर पाहता पाहता रिकामं होतं.

गेजचा सर्वात वाईट आजार यातला एकही नाही. खारं पाणी आत झिरपतं, गंज चढतो, काटा अडकतो आणि अडकतो तो भरलेल्या बाजूला. बिघडलेला काटा शून्य दाखवत असता तर कुणी बुडालं नसतं. तो 'भरपूर आहे' असं सांगत राहतो.

अशा वेळेसाठी जोडीला बरंच काही असतं. एक जादा तोंडनळी, पिवळ्या रंगाची, तिला ऑक्टोपस म्हणतात. ("हा तुमचा ऑक्टोपस" असं सांगितल्यावर एकानं पाय मोजायला घेतले होते.) ती आपल्यासाठी नसून सोबत्यासाठी असते, हे विशेष. ज्याला परवडतं त्याच्या मनगटावर सिलिंडरचा दाब दाखवणारं घड्याळही असतं, म्हणजे दुसरा काटा. शिवाय सोबती असतो आणि त्याचा काटा असतो. दोघं एकाच खोलीवर, एकाच वेळेपासून असाल तर त्याचे ऐंशी राहिले असताना तुझे एकशे नव्वद कसे, एवढा संशय तरी येतो. पाण्याखालच्या गुहांत जाणारे तर हवेचे तीन भाग करतात. एक जायला, एक यायला आणि एक कुणाच्यातरी दैवासाठी. साध्या डायव्हिंगमध्ये पन्नास बार शिल्लक असताना वर आलेलं असावं असा दंडक आहे.

गेज सर्रास यायच्या आधीच्या सिलिंडरांवर एक दांडी असायची. श्वास जड झाला की दांडी ओढायची, मग राखून ठेवलेली शेवटची हवा सुटायची. स्प्लेंडरच्या पेट्रोलच्या टाकीखालचा 'रिझर्व्ह'चा कॉक हाच. आणि त्याचा घातही तोच. उंब्रजच्या पुढं गाडी झटके देते, माणूस ऐटीत खाली हात घालून कॉक फिरवायला जातो आणि कळतं की तो परवापासून रिझर्व्हवरच आहे. पाणबुड्यांचंही असंच व्हायचं. दांडी कुठंतरी अडकून आधीच ओढली गेलेली असायची आणि वेळ आली की राखीव हवा कधीच वापरून झालेली असायची. उंब्रजला निदान गाडी ढकलता येते.

बॅकअपच्या बाबतीत आपली परंपरा भक्कम आहे, हे तिथंच समोर पाण्यात उभं दिसतं. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. एकीचा भरवसा धरून कुणी बसलं नाही. हा बाणा आम्ही टिकवला आहे. आमच्या घरी इन्व्हर्टर असतो, इन्व्हर्टर दगा देईल म्हणून मेणबत्ती असते आणि मेणबत्ती सापडावी म्हणून बॅटरी असते. रानात दोन बोअर, तीन मोटारी, एक जळालेली मोटार (हिचे सुटे भाग लागतात) आणि आजोबांचं डिझेल इंजिन, जे अजूनही फक्त आजोबांनाच सुरू होतं.

तर संशय आहे, जोड आहे. तिसरी गोष्ट तेवढी उरते आणि तिथं आमचा पाय अडतो. काटा बिघडला असं कळलं की पाणबुड्यानं एकच करायचं असतं. सोबत्याला खूण करायची आणि त्याच्याबरोबर सावकाश वर यायचं. दुरुस्ती नाही, अंदाज नाही, 'अजून पाच मिनिटं' नाही. डायव्हिंग तिथंच संपलं. पैसे भरलेले असताना, मासे दिसत असताना आणि फोटो अजून निघाला नसताना! ही अट ज्यानं घातली तो माणूस आमच्याकडच्या लग्नात पंगतीला कधी बसला नसावा.

मागच्या हिवाळ्यात हे मालवणात एका होडीवर बघायला मिळालं. साताऱ्याचे एक भाऊ आधी उतरले आणि दोन मिनिटांत वर आले. खाली रंगीत मासे दिसल्यावर त्यांनी आनंदानं अंगठा वर केला होता. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर ने.' पोरानं आज्ञा पाळली. भाऊंनी पुन्हा उतरून पुन्हा तेच केलं, कारण मासे पुन्हा तितकेच छान होते.

मग तासगावचे अण्णा उतरले. बागाईतदार माणूस, हाडापेरानं मजबूत. बायको होडीत भडंगाचा डबा धरून बसलेली. दहा-एक मिनिटांनी अण्णांना घेऊन पोरगा वर आला, पायऱ्या चढवून बसवलं आणि त्यांच्या तोंडातली नळी काढली. अण्णा पहिला श्वास घेतानाच भांडायला लागले. "का आणलंस वर?"

"काटो हलना नाय, अण्णा," तो शांतपणे म्हणाला. "मघापासून एकशे नव्वद दाखवता. म्हणान वर हाडलंय तुमका."

"हलत न्हाई म्हंजे हवा हाय की अजून!"

हे वाक्य बोलणारा माणूस साखर कारखान्याच्या काट्यापुढं दोन पावत्या घेऊन उभा राहणारा. विजेच्या मीटरवर संशय घेऊन तीनदा अर्ज देणारा. पेट्रोल पंपावर शून्य दाखवल्याशिवाय नळी लावू न देणारा. आयुष्यभर एकाही काट्यावर न विसंबलेल्या या गृहस्थाला पहिल्यांदाच आपल्या बाजूनं अडकलेला काटा भेटला होता आणि त्यांचं मन विरघळलं होतं. वहिनींच्या हे लगेच लक्षात आलं. "उसाला असा अडाकला असता तर बोलला असता का?" त्या म्हणाल्या आणि डबा उघडून सगळ्यांना भडंग द्यायला लागल्या.

अण्णांनी गेज हातात घेतलं. उलटं करून बघितलं. मग मधल्या बोटानं काचेवर टिचकी मारली. काटा दचकला आणि सरळ एकशे दहावर आला.

"झाला बघ दुरुस्त," अण्णा म्हणाले. "चल."

पोरगा हलला नाही. त्याच्याकडं दुसरा अख्खा संच तयार होता. तो लावून पुन्हा नेतो म्हणाला, वेगळे पैसे नाहीत म्हणाला. भाऊंनी लगेच 'मीबी येतो' म्हणून अंगठा वर केला आणि होडीतल्या सगळ्यांनी त्यांना एकदम खाली बसवलं. अण्णांचं मात्र समाधान होईना. नवीन संच म्हणजे नवीन सिलिंडर, आणि मग या जुन्यातल्या हवेचं काय? ती त्यांनी पैसे मोजून घेतलेली होती. अर्ध्याहून जास्त शिल्लक होती.

"ह्ये मोकळं करून देशील का?" ते म्हणाले. "गाडीच्या डिकीत बसंल. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांची तरी हवा निघंल यातनं."

"पण आत एकशे धा आसा ह्या तुमका सांगल्यान कोणी?" पोरगा म्हणाला. "त्योच काटो मा?"

अण्णा क्षणभर थांबले. मग त्यांनी तोंडनळी उचलली, मधलं बटण दाबलं आणि फुसकन सुटलेल्या हवेपुढं अंगठा धरला, नोझलपुढं धरतात तसा. डोळे मिटले. होडीतली सगळी मंडळी भडंग चावायची थांबली.

"शंभरच्या वर हाय," अण्णा म्हणाले. "लाव पैज."